खुर्चीनंतरचा चौकोन

१

आमच्या मुंगीनं कॉपी केली असं मोठे सर म्हणाले, तेव्हा मला आधी हसूच फुटलं. मग लक्षात आलं की खोलीत दुसरं कुणीच हसत नाहीये.

मोठे सर म्हणजे अ‍ॅनाटॉमीचे प्रमुख. त्यांच्या टेबलावर मुंगीची उत्तरपत्रिका होती, शेजारी पहिल्या बॅचच्या उत्तरांचा तक्ता होता आणि त्या दोन्हींच्या मध्ये माझा खोडरबर. माझाच. अर्धा झिजलेला, वरचं कागदी वेष्टण कधीच फाडून टाकलेलं, कोपऱ्यावर माझ्या दातांच्या खुणा.

"हा तू हिला परीक्षेच्या तोंडावर दिलास?"

"हो सर. हिचा हरवला होता."

"आणि वेष्टण कुठाय? उत्तरं त्याच्यावर लिहिली होती ना?"

एरवी मला बोलायला कुणी सांगावं लागत नाही. हॉस्टेलमध्ये मला भोंगा म्हणतात ते उगाच नाही. पण त्या दिवशी माझी दातखीळच बसली. वेष्टण मी फाडते, कारण मला तशी खोड आहे, हे कुणाला कसं पटवून द्यायचं?

ही परीक्षा ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. मोठ्या हॉलमध्ये टेबलांचं कडं असतं. प्रत्येक ठिकाणी एक नमुना. कुठे टाचणी टोचलेला स्नायू, कुठे हाड, कुठे मायक्रोस्कोपखाली स्लाइड. बेल वाजली की पुढे सरकायचं, नमुना ओळखायचा, उत्तरपत्रिकेत त्या नंबरच्या चौकोनात नाव लिहायचं. कड्यात एक रिकामी खुर्चीही असते. तिथे ओळखायचं काही नसतं. तिथे दम खायचा, हवं तर रडून घ्यायचं आणि तो चौकोन कोरा सोडायचा. एकोणीस नमुने आणि एक खुर्ची.

मी पहिल्या बॅचला होते, मुंगी दुसऱ्या. आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा दुसरी बॅच ओळीनं दारात उभी होती. मुंगी ओळीच्या शेपटाला. तिनं नुसते डोळे मोठे केले आणि बोटांनी खोडायची खूण केली. मी खोडरबर तिच्या हातात कोंबला आणि पुढे गेले. एवढंच झालं.

"नमुने मी तेच ठेवले," मोठे सर म्हणाले. "फक्त मधल्या वेळात नंबरांची कार्डं एकेक घर पुढे सरकवायला सांगितली. पहिल्या बॅचला जे पाचवर होतं, ते दुसऱ्या बॅचला सहावर. बाहेरून उत्तरं घेऊन येणारा बरोबर एक घर मागे पडणार. सापळा होता तो. हिची उत्तरं बघ."

मी बघितली. मुंगीची उत्तरं एक घर मागे होती. सगळीच्या सगळी. पहिल्या बॅचच्या तक्त्याशेजारी ठेवली तर तंतोतंत जुळत होती, शेवटच्या कोऱ्या चौकोनासकट. फक्त अकराव्या चौकोनात यकृत हवं होतं, तिथे तिनं थायरॉइड लिहिलं होतं.

"तेवढं पाठ राहिलं नसेल बिचारीच्या," सर म्हणाले.

मी मुंगीकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी बोल बाई. ती आपल्या अक्षराकडे असं बघत होती, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

२

मुंगी हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात पडलं. अंगानं एवढीशी, सतत काहीतरी वाहून नेणारी आणि कायम ओळीच्या शेवटी. शेवटी, कारण ती मागच्या वर्षी नापास झाली होती. नापासांची नावं हजेरीत सर्वांत खाली. आमच्याकडे पहिल्या वर्षाला दोनच संधी. ही तिची दुसरी होती. त्यानंतर कॉलेजचं दार बंद, कायमचं.

तिचे वडील शिंपी. तिचा पांढरा कोट त्यांनी स्वतः शिवला. आतल्या खिशावर, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, दोऱ्यानं नुसतं 'डॉ.' काढून ठेवलंय. पुढचं नाव नंतर घालू म्हणाले. मुंगीनं मला ते एकदाच दाखवलं आणि लगेच खिसा बंद केला.

चौकशीला आल्या फॉरेन्सिकच्या मॅडम. आम्हाला त्या अजून शिकवत नव्हत्या. दबक्या पावलांच्या, बारीक आवाजाच्या, आणि चष्म्यावरून बघायला लागल्या की समोरच्यानं न केलेले गुन्हेही आठवावेत अशा.

"माझी सवय मेलेल्या माणसांची आहे," त्या म्हणाल्या. "ती खोटं बोलत नाहीत. तुम्ही सगळे जिवंत आहात, तेव्हा थोडा वेळ लागेल. भोंगा तूच ना? त्या कोपऱ्यात बस. तोंड मिटून. जमेल?"

मी मान हलवली. जमण्यासारखं नव्हतं, पण मुंगीसाठी जमवलं.

पहिले आले हॉलचे मामा. किल्ल्या त्यांच्याकडे, बेल त्यांच्या हातात, आणि पोरांना ओळीनं आत सोडायचं कामही त्यांचंच.

"खोडरबरच दिला मॅडम. कागदबिगद काही नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत."

"दोन बॅचच्या मध्ये हॉलमध्ये कोण होतं?"

"डेमो सर. एकटेच. कार्डं सरकवायला." डेमो सर म्हणजे मोठ्या सरांच्या हाताखालचे शिकाऊ मास्तर. वयानं आमच्याहून फार मोठे नाहीत. "आणि हो, त्यांनी केराची सुपली मागितली. म्हटलं, मी झाडतो की. तर नको म्हणाले, मीच झाडतो."

"डेमो सरांना झाडायची हौस आहे?"

"वर्षभरात परवाच दिसली," मामा म्हणाले.

मग आला गोल्डमेडल. वर्गातला पहिला. आपलं कधी काही चुकलं आहे हे त्याला आठवत नाही आणि आम्हाला तो ते विसरू देत नाही. खोडरबराची तक्रार त्यानंच नेली होती.

"मला वाटलं, सांगणं कर्तव्य आहे," तो म्हणाला.

"छान. अंगठ्याला पट्टी कशाची?"

त्यानं हात मागे घेतला. "पेन्सिल तासताना लागलं, मॅडम."

"मायक्रोस्कोपवर तू शेवटी होतास की मध्ये?"

"शेवटी. म्हणजे... मला नीट आठवत नाही."

मला मात्र आठवत होतं. शेवटच्या बेलला तो यकृताच्या स्लाइडवर होता, माझ्या एक घर पुढे. आणि बेल व्हायच्या आधी कच् असा बारीक आवाज आला होता. पण मला बोलायची बंदी होती.

शेवटी डेमो सर. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"कार्डं सोडून आणखी काही बदललंत?"

"नाही मॅडम. काही म्हणजे काहीच नाही."

"मग सुपली कशाला हवी होती?"

डेमो सरांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. मोठे सर बोलावत होते. ते उठले आणि जवळजवळ पळालेच.

३

मुंगी आत आली ती डोळे सुजवूनच.

"अकराव्या चौकोनात थायरॉइड लिहिलंस तू," मॅडम म्हणाल्या. "तक्त्यात यकृत आहे. का लिहिलंस?"

"कारण ते थायरॉइड होतं."

परीक्षेच्या संध्याकाळीही ती मला हेच म्हणाली होती. "थायरॉइड किती सुरेख होतं गं," असं. आणि मी गप्प बसले होते. मला वाटलं, हिनं यकृताला थायरॉइड म्हटलंय, आता कशाला दुखवा बिचारीला.

मॅडमनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. "काढ. दिसलं तसं."

मुंगीनं कोटातून गुलाबी आणि जांभळी पेन्सिल काढली. स्लाइडची चित्रं काढून काढून आम्हा सगळ्यांच्या खिशात या दोन पेन्सिली असतातच. तिनं गोल गोल घरं काढली, कडेला जांभळ्या ठिपक्यांची रांग आणि मध्ये गुलाबी रंग, शांतपणे भरत. यकृत असं दिसत नाही. हे थायरॉइडच होतं आणि मला वर्षभरात इतकं चांगलं जमलेलं नाही.

"हे पुस्तकातून काढलंस?"

"नाही मॅडम. एका घराला तडा होता, खरवडल्यासारखा. पुस्तकात तसं नसतं. मी तोही काढलाय."

तेवढ्यात दार उघडून मोठे सर आले. हातात दुसऱ्या बॅचच्या उत्तरपत्रिका, कपाळावर आठ्यांचं जाळं.

"तुमचं चालू द्या, मॅडम. माझं डोकं फिरायची वेळ आलीये. यकृत! शेंबड्या पोरालाही ओळखता येईल अशी स्लाइड आणि या अख्ख्या बॅचमध्ये एकाला येऊ नये? एकाला?"

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "काय लिहिलंय त्यांनी?"

"काय लिहिणार! आपलं काहीतरी..." सरांनी वरची उत्तरपत्रिका पाहिली. मग खालची. मग तिच्या खालची. त्यांचा हात मंदावला.

"थायरॉइड," ते म्हणाले. "सगळ्यांनी."

४

डेमो सरांना परत बोलावलं तेव्हा त्यांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. गोल्डमेडलनं घाईत मोठी लेन्स खाली आणत आणत थेट स्लाइडवर टेकवली होती. आमच्यातल्या प्रत्येकानं पहिल्या महिन्यात एकेक स्लाइड अशीच फोडलेली आहे. त्यानं फोडली ती परीक्षेत. बेल झाल्यावर काचा गोळा करताना अंगठा कापला आणि तो तसाच बाहेर गेला. डेमो सरांनी काचा सुपलीत भरल्या. यकृताची दुसरी स्लाइड सापडेना, म्हणून हाताला आली ती थायरॉइडची लावली. मोठ्या सरांना सांगायची छाती झाली नाही. संध्याकाळी सांगू म्हणाले, तोवर कॉपीचा बोभाटा झाला आणि मग तर त्यांच्या तोंडाला कुलूपच लागलं.

"म्हणजे पोरीचं वर्ष जाताना तुम्ही बघत बसणार होतात?" मॅडमनी विचारलं.

डेमो सर रुमाल पिळत राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण मोठ्या सरांसमोर माझीही दातखीळच बसली होती की.

"खोडरबरवर पहिल्या बॅचची उत्तरं असती," मॅडम म्हणाल्या, "तर हिनं यकृत लिहिलं असतं. पहिल्या बॅचला थायरॉइड नव्हतंच. हिनं लिहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिलं."

मी टाळीच वाजवणार होते. पण मोठे सर हटायला तयार नव्हते. "एक उत्तर बघून लिहिलं असेल. बाकीची एक घर मागे कशी? सगळी?"

मॅडमनी सरांना त्यांच्या खोलीत थांबायला सांगितलं. त्या उठल्या. "हॉल उघडा. मामा, परवासारखी ओळ लावायची. भोंगा, तू कुणीही हो. मुंगी, तू मुंगीच."

ओळ म्हणजे मी, डेमो सर आणि मुंगी. मामांच्या सांगण्यावरून आम्ही टेबलांना वळसा घालत आत गेलो आणि शेवटची मुंगी दारापाशी उरली. तिथेच ती रिकामी खुर्ची होती. ती बसली.

"वर्षभर चाचण्यांना इथेच बसायचीस?"

"हो. ओळीत शेवटची ना मी."

"बेल," मॅडम म्हणाल्या. मामांनी बेल वाजवली. मुंगी उठली, शेजारच्या टेबलापाशी गेली, वाकून हाडाकडे बघू लागली.

"कितव्या चौकोनात लिहिशील?"

"पहिल्या," मुंगी म्हणाली. एका क्षणाचाही विचार न करता.

हाडासमोर कार्ड उभं होतं. त्यावर दोन लिहिलं होतं.

मॅडम खुर्चीकडे गेल्या. खुर्चीचं कार्ड पाठीला बांधलेलं होतं. त्यावर एक. सगळी कार्डं सरकल्यावर शेवटचा नंबर फिरून पहिला झाला होता. चालत येणाऱ्याला ते दिसलं असतं. पण जी सुरुवातीपासूनच खुर्चीवर बसली होती, तिनं ते पाठीनं झाकलं होतं. वर्षभर खुर्ची शेवटच्या नंबरची होती. वर्षभर मुंगी खुर्चीवरून उठली की पहिला चौकोन, मग दुसरा, मग तिसरा, खाली मान घालून. कार्ड कशाला बघेल ती? क्रम तिच्या अंगात मुरला होता.

"परवा संध्याकाळी तू मला विचारलंसुद्धा होतंस," मी ओरडलेच. "शेवटचा चौकोन कोराच ठेवायचा ना, म्हणून! आणि मी हो म्हटलं, माझ्या बॅचला तसंच होतं म्हणून!"

मी तिला मिठी मारली. सुटलो, सुटलो असं काहीतरी म्हणत होते. मुंगी कार्डावरच्या दोनकडे बघत होती. आणि मॅडम मुंगीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद कुठेच नव्हता.

५

त्यांनी आम्हा दोघींना आपल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि चहा पुढे केला. त्या चहाचीच मला भीती वाटली.

"हॉलमध्ये मोठे सर नव्हते. मामा आणि डेमो सर मी सांगेपर्यंत तोंड उघडणार नाहीत," त्या म्हणाल्या. "अजून मी त्यांना काही सांगितलेलं नाही. आधी तुम्ही नियम ऐका. कॉपी ठरली तर परीक्षा रद्द होते. एक वर्ष बसता येत नाही. पण रद्द झालेली परीक्षा संधी म्हणून धरत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं."

"पण तिनं कॉपी केलीच नाही," मी म्हटलं.

"नाही केली. मग परीक्षा ग्राह्य धरली जाते. उत्तरं चौकोनाप्रमाणे तपासतात. हिचा एकही चौकोन बरोबर नाही. म्हणजे शून्य. प्रॅक्टिकलमध्ये नापास, आणि ही दुसरी संधी होती."

मला समजायला थोडा वेळ लागला. मुंगीला हॉलमध्येच समजलं होतं.

"म्हणजे चोर ठरली तर डॉक्टर होईल, आणि खरी ठरली तर घरी जाईल? हा कुठला न्याय, मॅडम?"

"न्याय मी म्हटलंच नाही. नियम म्हटलं. मी वरपर्यंत जाऊन भांडेन. पण खोटी आशा दाखवणार नाही, चौकोन बदलून दिल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "थायरॉइडचं सगळ्यांना कळलंय. तरी सर म्हणतायत, एक उत्तर बघून, बाकीची ढापून. मी म्हटलं की मला उलगडा झाला नाही, तर कॉपीवर शिक्का बसेल. माझ्या नोकरीत मी असं कधी केलेलं नाही. पण विचारतेय."

"करा!" मी म्हटलं. "उत्तरं पुरवली म्हणून मलाही वर्षभर बसू देणार नाहीत ना? बसते घरी. माझी आई दोन दिवस ओरडेल, तिसऱ्या दिवशी विसरेल. मुंगे, ऐक माझं. एक वर्ष काय, असं निघून जाईल."

मुंगीचा फोन वाजला. बाबा. तिनं तो स्पीकरवर टाकला की चुकून तसा लागला, मला माहीत नाही.

"काय गं, निकाल कधी? मी आपला विचारतोय. गिऱ्हाइकं विचारतात ना." मागे शिलाई मशीन चालू होतं. "घाई नाहीये. नमुने ओळखता आले ना सगळे?"

मुंगीनं माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "सगळे आले. एकोणीसच्या एकोणीस."

"मग झालं तर," बाबा म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

तिनं फोन ठेवला. "मॅडम, सरांना सांगा. मला सगळे आले होते, हे कुणीतरी एकदा तपासायला पाहिजे. मी चोरले म्हटलं, तर मला काही येत होतं हेच कुणाला कळणार नाही. बाबांशी पण मी आत्ता खोटं बोलले असं होईल."

मी तिच्या हाता-पाया पडले. शिव्याही दिल्या. ती मुंगी आहे, वाट ठरली की वळत नाही. त्या खोलीत मला जेवढं हतबल वाटलं तेवढं कुठल्याच परीक्षेत वाटलं नाही.

६

मोठ्या सरांनी आपल्या टेबलाशी बसून सगळं ऐकून घेतलं. खुर्ची, पाठीवरचं कार्ड, वर्षभराची सवय. सापळा त्यांनीच रचला होता.

मग त्यांनी मुंगीची उत्तरपत्रिका ओढली, खिशातून पेन्सिल काढली आणि तपासायला सुरुवात केली. पहिल्या चौकोनावर पेन्सिल, दुसऱ्या बॅचच्या तक्त्यात दोन नंबरवर बोट. बरोबर. दुसऱ्यावर पेन्सिल, तिसऱ्यावर बोट. बरोबर. एकेक खूण उमटत गेली. अकराव्याला ते थांबले, मॅडमनी आणलेलं गुलाबी-जांभळं चित्र त्यांनी जवळ घेतलं, तडा गेलेलं घर पाहिलं आणि तिथेही खूण केली.

"एकोणीस," सर म्हणाले. "गोल्डमेडलला सतरा आहेत." आणि मग, हे मी शपथेवर सांगते, मोठ्या सरांच्या तोंडून आम्ही कुणीच कधी न ऐकलेला शब्द आला. "उत्तम."

मुंगीचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी काहीतरी करेल. इतकी मोठी माणसं बसलीयेत खोलीत.

"सर," मी म्हटलं, "चौकोन चुकला तर काय झालं? उत्तर तर चुकलं नाही ना?"

"पेशंटचा डावा पाय सांगितलेला असताना उजवा कापला, तर कापणं उत्तम होतं म्हणून चालतं का?" ते म्हणाले. पण आवाजात नेहमीची धार नव्हती, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "माझ्या हातात असतं तर... नाहीये. मॅडमच्या अर्जावर मी सही करेन. काही होणार नाही, तरी करेन."

त्यांनी लाल पेन उघडलं आणि एकूण गुणांच्या जागी शून्य घातलं.

"सर, या पानाची मला प्रत मिळेल का?" मुंगीनं विचारलं. "त्या खुणांसकट. बाबांना दाखवायला."

सरांनी मान हलवली. "उत्तरपत्रिका बाहेर देता येत नाही. आणि वर पाठवताना तिच्यावर माझी पेन्सिलीची खूण चालत नाही."

त्यांनी टेबलावर इकडेतिकडे चाचपडलं. पुरावा म्हणून ठेवलेला माझा खोडरबर अजून तिथेच होता. त्यांनी तो उचलला, दातांच्या खुणांची बाजू वर धरली आणि पहिल्या चौकोनापासून खोडायला लागले. मुंगी पुढे झुकून बघत होती. प्रत्येक खूण जाण्याआधी तिचे ओठ हलत होते. ती त्या नमुन्याचं नाव घेत होती, एकही न चुकता.

शेवटी सरांनी कागदावर फुंकर मारली आणि खोडरबर माझ्यापुढे सरकवला.

"घे," ते म्हणाले. "तुझा आहे ना."